सौंदर्योपचार आणि सरकारी परवाना

सव्वादोनशे वर्षांहून जुनी अशी एक पुण्याची हकीकत आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळावरील कातडी मोजून सोडविली, ती खाली वळविली आणि तिच्यापासून नवे नाक तयार केले. हा कारागीर विटा करणाऱ्यांच्या जातीचा होता. ती शस्त्रक्रिया पाहून इंग्रज डॉक्टर थक्क झाले. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात ही हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने या पद्धतीचा अभ्यास केला आणि १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे प्रकरण मानाने सांगितले जाते.

आता कोणी विचारील, त्या पुण्याच्या कारागिराजवळ कोणता परवाना होता? कोणताही नव्हता. मग आजच परवान्याचा एवढा आग्रह कशासाठी?

प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर सोपे आहे. जुन्या काळी अशी विद्या घराण्यात चालत येई. बापाच्या हाताखाली मुलगा वर्षानुवर्षे शिके. त्याने बरे केलेली माणसे, तशीच बिघडविलेली माणसेही, त्याच परिसरात सर्वांच्या डोळ्यांसमोर वावरत असत. लोकांची ओळख हीच त्याची सनद होती. आज तशी ओळख राहिलेली नाही. आपल्या चेहऱ्यावर सुई टोचणारा माणूस कोठला, कोणाजवळ शिकला, पुढच्या वर्षी त्याची पाटी याच गल्लीत दिसेल की नाही, हे आपणांस ठाऊक नसते. जेथे ओळख संपते तेथे नोंदवहीची गरज सुरू होते. परवाना म्हणजे सरकारने समाजाच्या वतीने करून घेतलेली ओळख होय.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते एका विद्यार्थिनीमुळे. माझ्या वर्गातून शिकून गेलेली एक मुलगी. तिचे लग्न ठरले. आमच्याकडे चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवारी विवाहाची घोषणा होते. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारच्या मधल्या दिवसांत ती गालांवरचे वांग घालविण्यासाठी एका ब्यूटी पार्लरमध्ये गेली. तेथे तिच्या गालांना एक द्रव लावण्यात आला. आग होऊ लागली तेव्हा, ‘थोडी आग व्हायचीच, म्हणजे गुण येतो’ असे तिला सांगण्यात आले. चार दिवसांनी कातडी सोलवटली आणि जेथे फिकट वांग होते तेथे काळे चट्टे उमटले. तिच्या वडिलांबरोबर मीही त्या दुकानात गेलो. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र लावलेले होते. त्यावर सरकारी शिक्काही होता. मी चष्मा लावून ते वाचले. तो नगरपालिकेचा व्यवसाय परवाना होता. या जागेत अमुक नावाचे दुकान चालविण्यास हरकत नाही, एवढेच त्यात म्हटले होते. पण मुलीने ती चौकट पाहिली होती, शिक्का पाहिला होता, आणि विश्वास ठेवला होता.

येथेच आपल्या विषयाचे मूळ आहे. दुकानाचा परवाना आणि उपचाराचा अधिकार या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. इंदूर-मुंबईकडे ज्याला आपण गुमास्ता परवाना म्हणतो, तो दुकान, नोकर आणि कामाचे तास यांच्यासाठी असतो. हातात सुई धरण्याचे शिक्षण त्या हाताला मिळाले आहे की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

आता थोडे या उपचारांविषयी. केस कापणे, भुवया कोरणे, मेंदी काढणे, साधे फेशियल करणे ही प्रसाधनाची कामे झाली. ती कातडीच्या वरच राहतात. परंतु अलीकडे त्याच खुर्चीवर बसवून आणखी काही कामे केली जातात, आणि ती कातडीच्या आत शिरतात. बोटॉक्सचे इंजेक्शन घ्या. बोट्युलिनम हे एका जंतूने तयार केलेले विष आहे. अत्यल्प प्रमाणात ते स्नायूत टोचले म्हणजे मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचत नाही, स्नायू तीन-चार महिने सैल पडतो आणि कपाळावरची आठी दिसेनाशी होते. आरंभी हे औषध तिरळेपणासारख्या डोळ्यांच्या विकारांसाठी वापरले जात असे. आठ्यांसाठी अमेरिकेत त्याला २००२ साली मान्यता मिळाली. सुई थोडी चुकली तर आठीऐवजी पापणीच खाली उतरते.

ओठ किंवा गाल भरदार दिसावेत म्हणून जे ‘फिलर’ टोचतात, त्याचा धोका याहून मोठा आहे. ते द्रव्य चुकून रोहिणीत गेले तर रक्ताचा मार्ग बंद होतो, त्या भागातील कातडी मरते, आणि नाकाच्या आसपासच्या रोहिणी डोळ्याच्या रोहिणीशी जोडलेल्या असल्यामुळे क्वचित कायमचे अंधत्वही येते. अधिक वापरात असलेल्या एका प्रकारच्या फिलरला विरघळविणारे औषध आहे. पण ते जवळ असावे लागते आणि ताबडतोब द्यावे लागते. लेझरचे म्हणाल तर त्याचा प्रकाश कातडीतील काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या कातडीत ते रंगद्रव्य अधिक. म्हणून गोऱ्या कातडीसाठी ठरविलेले मोजमाप येथे तसेच वापरले तर भाजते. केसरोपण, म्हणजे हेअर ट्रान्सप्लांट, हे काम कित्येक तास चालते. डोक्याची मोठी जागा बधिर करण्यासाठी भुलीची इंजेक्शने पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. त्यांची मात्रा वाढली तर झटके येतात, हृदय बंद पडू शकते. त्या क्षणी जवळ प्राणवायू हवा, औषधे हवीत, आणि ती कशी द्यावयाची हे जाणणारा माणूस हवा. आरसा आणि फिरती खुर्ची यांचा तेथे उपयोग नाही.

मग आपला कायदा याविषयी काय सांगतो? शिक्षकाच्या सवयीप्रमाणे मी त्याची चार प्रश्नांत विभागणी करतो. माणूस कोण? जागा कोणती? वस्तू कोणती? आणि नुकसान झाल्यास दाद कोठे?

पहिला प्रश्न माणसाचा. ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत नाही त्याने वैद्यकीचा व्यवसाय करू नये, असे १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्यातच सांगितले होते. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. त्या कायद्याची जागा २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याने घेतली. कैदेची मर्यादा एक वर्षाचीच राहिली, दंडाची मर्यादा मात्र पाच लाख रुपयांवर गेली. या आयोगाने २०२२ साली केसरोपण आणि सौंदर्य-शस्त्रक्रिया यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. हे काम प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग या विषयांचे रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचे आहे, असे त्यांत स्पष्ट केले आहे. एखाद्या कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहून मिळविलेले ज्ञान हे शिक्षण नव्हे, हेही त्यांत आले आहे. सरकारी सूचनेत असे वाक्य घालावे लागावे, यावरूनच काय चालले होते याची कल्पना येईल. त्याआधी दिल्लीत केसरोपणानंतर एका तरुणाचा मृत्यू झाला होता आणि ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते.

दुसरा प्रश्न जागेचा. दवाखाने व रुग्णालये यांच्या नोंदणीचा केंद्राचा कायदा २०१० सालचा. परंतु आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे तो सर्वत्र लागू नाही. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांसाठी मध्य प्रदेशचा १९७३ चा, बेळगावकरांसाठी कर्नाटकाचा खाजगी वैद्यकीय आस्थापनांचा २००७ चा, गोव्यासाठी २०१९ चा, बडोदेकरांसाठी गुजरातचा २०२१ चा कायदा आहे. तेलंगणाने केंद्राचा कायदा स्वीकारला आहे. नावे वेगळी असली तरी तत्त्व एकच. जेथे वैद्यकीय उपचार होतात त्या जागेची वैद्यकीय आस्थापना म्हणून वेगळी नोंद हवी. माझ्या विद्यार्थिनीने पाहिलेल्या चौकटीत ही नोंद असावयास हवी होती.

तिसरा प्रश्न वस्तूचा. औषधे आणि प्रसाधने यांविषयीचा आपला कायदा १९४० चा आहे आणि प्रसाधनांसाठी २०२० साली स्वतंत्र नियम करण्यात आले. क्रीमच्या डबीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकद्रव्ये छापलेली असली पाहिजेत. माल परदेशी असेल तर आयात करणाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. बोटॉक्स हे औषध आहे, ते डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून देता येत नाही. आणि फिलरसारख्या वस्तू वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांखाली येतात.

डबीवरील ही बारीक अक्षरे कोण वाचतो, असे कोणी म्हणेल. ती न वाचल्याने काय होते ते अकोल्याच्या एका कुटुंबात दिसले. तेथील एक विद्यार्थिनी गोरेपणासाठी स्थानिक सौंदर्यतज्ज्ञ बाईंकडून मिळालेले क्रीम लावीत असे. तिची आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. काही महिन्यांत तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये मर्यादेच्या कितीतरी पट पारा आढळला. हे प्रकरण २०२३ च्या आरंभी उजेडात आले. त्याच वर्षी केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातही अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार जडलेले रुग्ण आढळले आणि तेथील औषध नियंत्रण खात्याने छापे घालून बेकायदा प्रसाधने जप्त केली. पारा कातडीतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तोच पारा रक्तात जाऊन मूत्रपिंडाची चाळणी निकामी करतो, लघवीतून प्रथिने वाहून जाऊ लागतात, पायांवर आणि तोंडावर सूज येते. आपल्या नियमांप्रमाणे प्रसाधनात नकळत आलेला पारा दशलक्ष भागांत एक भाग एवढाच चालतो. डोळ्यांच्या प्रसाधनांत सत्तर भाग.

चौथा प्रश्न दाद मागण्याचा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. १९८६ च्या ग्राहक कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. त्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. डॉक्टरविरुद्ध राज्याच्या वैद्यक परिषदेकडे, क्रीमविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा औषध नियंत्रण खात्याकडे, आणि डॉक्टर नसताना सुई धरणाऱ्याविरुद्ध पोलिसांकडे जाता येते.

श्रोतेहो, इतके कायदे असताना असे प्रकार का घडतात, हा प्रश्न आता तुमच्या मनात आला असेल. त्याची कारणे दोन दिसतात. पहिले हे की, हे सर्व कायदे आजारी माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. सौंदर्योपचारासाठी येणारा माणूस आजारी नसतो. म्हणून उपचार करणारा सहज म्हणतो, ‘आम्ही कोठे औषध देतो? आम्ही तर शोभा वाढवितो.’ प्रसाधन कोठे संपते आणि वैद्यक कोठे सुरू होते, याची सीमारेषा एका ठिकाणी ठळकपणे आखलेली नाही. सौंदर्योपचार करणाऱ्यांसाठी स्वतंत्र परवाना देणारा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही. डॉक्टरांच्या आपसांतही याविषयी एकमत नाही. मुख व जबडा यांच्या शस्त्रक्रियांचे शिक्षण घेतलेल्या दंतवैद्यांना केसरोपण करता येईल असे दंत परिषदेने २०२२ साली म्हटले. त्वचारोगतज्ज्ञांना ते मान्य नाही. सामान्य माणसाने अशा वेळी कोणती पाटी खरी मानावी?

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव पाहण्यासारखा आहे. फ्रान्समधील एका कारखान्याने स्त्रियांच्या स्तनरोपणासाठी हलक्या प्रतीचे सिलिकॉन वापरले, ते २०१० साली उघडकीस आले. त्यानंतर इंग्लंडच्या सरकारने नेमलेल्या समितीने सर ब्रूस कीओ यांच्या अध्यक्षतेखाली २०१३ साली अहवाल दिला. साधी लेखणी किंवा दात घासण्याचा ब्रश विकत घेणाऱ्या ग्राहकापेक्षा चेहऱ्यात सुई टोचून घेणाऱ्याला अधिक संरक्षण नाही, असा त्याचा आशय होता. २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी बोटॉक्स व फिलर देण्यावर तेथे बंदी आली, आणि २०२२ च्या आरोग्यविषयक कायद्याने अशा उपचारांसाठी परवाना पद्धती सुरू करण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला. अहवालापासून अधिकारापर्यंत नऊ वर्षे गेली. आपणही वाट पाहत बसलो तर तेवढ्या वर्षांत किती चेहरे पोळतील?

परवान्याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो डावलण्यासारखा नाही. ब्यूटी पार्लर हा आज हजारो स्त्रियांच्या पोटापाण्याचा उद्योग आहे. एखादी विधवा, एखादी नवऱ्याने टाकलेली बाई घरातल्या एका खोलीत दोन खुर्च्या मांडून मुलांची शिक्षणे करते. नव्या कायद्याचा बडगा प्रथम तिच्याच डोक्यावर बसेल आणि शहरातला बडा दुकानदार निसटेल, अशी भीती असते. ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय सीमारेषा पुसणे हा नसून ती स्वच्छ आखणे हा आहे. कातडीच्या वरचे काम तिचे. ते तिने सन्मानाने, निर्वेधपणे करावे. कातडीच्या आत जाणारे काम शिकलेल्या डॉक्टराचे. अशी रेषा असली तर ‘ताई, एवढा तीळ काढून टाका ना’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला तिलाही सांगता येईल की, हे माझे काम नव्हे. आज तसे म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते.

दुसरे कारण कायद्यात नाही, ते आपल्यात आहे. पाय मोडलेल्या माणसाला, ‘तू जिना का चढलास?’ असे कोणी विचारीत नाही. पण चेहरा भाजलेल्या मुलीला, ‘कोणी सांगितले होते तुला?’ असे घरचेच विचारतात. म्हणून ती गप्प बसते. माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांना मी तक्रार करा म्हणून विनविले. ते म्हणाले, ‘सर, बोभाटा नको. लग्न आठ दिवसांवर आले.’ मला पुढे बोलता आले नाही. तक्रार झाली नाही, चौकशी झाली नाही, आणि ते दुकान तसेच चालू राहिले. तक्रारीवाचून कायद्याला दिसत नाही.

तेव्हा उपचाराला जाण्यापूर्वी वाचकांनी एवढे तरी करावे. डॉक्टरचे संपूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मागावा. तो राष्ट्रीय आयोगाच्या किंवा राज्य परिषदेच्या नोंदवहीत संगणकावर पडताळून पाहता येतो. भिंतीवरचे प्रमाणपत्र दुरून पाहू नये, जवळ जाऊन वाचावे. कुपी आपल्यासमोर उघडण्यास सांगावे आणि तिच्यावरील नाव, मुदत, क्रमांक टिपून घ्यावा. पावती घ्यावी. आणि काही बिघडले तर ते कसे निस्तरणार, हे आधी विचारावे. जाणकार माणूस या प्रश्नाने रागावत नाही. जो रागावेल त्याच्याकडून उठून यावे.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे भाषण संपविता येत नाही. ती मुलगी शाळेत असताना वर्गात एकाच नावाच्या दोघी होत्या. हजेरी घेताना घोटाळा होई, म्हणून मी एकीला ‘गोरी’ आणि दुसरीला ‘सावळी’ म्हणत असे. वर्ग हसे. मीही हसत असे. त्यात काही वाईट आहे असे मला कधी वाटले नाही. त्या दुकानात चष्मा लावून मी तो परवाना वाचीत होतो, तेव्हा माझ्या शेजारी ओढणीने गाल झाकून उभी होती ती ‘सावळी’.

परवाने सरकारने द्यावेत, तपासणी कडक करावी, सीमारेषा लवकर आखावी, हे सर्व खरे. परंतु मुलीला त्या खुर्चीपर्यंत ढकलीत नेणाऱ्या शब्दांसाठी कोणत्याही सरकारचा परवाना लागत नाही. ते शब्द घरात आणि शाळेत उच्चारले जातात. त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचे काम आपले आहे. माझ्या हजेरीत आता आडनावे असतात.